हरकत नोंदवली नाही

९ फेब्रुवारी

प्रिय घुम्या,

हे पत्र मी पाठवत नाहीये, समिती पाठवतेय. मी फक्त समितीची सचिव म्हणून लिहितेय. अक्षर माझं आहे त्याला इलाज नाही. समितीत माझ्याखेरीज ज्यांना लिहिता येतं, त्यांचं शुद्धलेखन बघवत नाही.

विषय असा. आपल्या घराखालच्या डोहापासून वर बंधाऱ्यापर्यंतचा नदीचा पट्टा माशांसाठी पूर्वीसारखा करायचं ठरलं आहे. म्हणजे नदीत झाडं टाकायची. वठलेली, पडलेली, मुळांसकट. आणि गोटे टाकायचे. हो, बरोबर वाचलंस. ज्या नगरपालिकेने नऊ वर्षांपूर्वी क्रेन लावून हीच झाडं बाहेर काढली आणि बुलडोझर फिरवून तळ सपाट केला, तीच आता ती परत टाकतेय. तेव्हा स्वच्छता निरीक्षक कोण होतं ते तुला सांगायला नको. लोक हसतात. हसणाऱ्याचे दात दिसतात, दुसरं काय.

विद्यापीठाच्या एक बाई आहेत, माशांवर अभ्यास करतात. सगळे त्यांना मासेवाल्या बाई म्हणतात. त्या पाच वर्षं या पट्ट्यात मोजणी करताहेत. त्यांना पिवळपराचं एकही पिल्लू सापडलेलं नाही. मोठ्या माद्या येतात, बंधाऱ्याखाली दोन-तीन दिवस घिरट्या घालतात, अंडी घालायला जागा मिळत नाही म्हणून परत जातात. पिवळपर म्हणजे बाबांचाच तो मासा. बाईंच्या वहीत त्याचं नाव वेगळं आणि लांबलचक आहे.

समितीत बाई आहेत, कागद गिरणीचे मॅनेजर आहेत, नदीवर पंप लावलेल्या शेतकऱ्यांचे आप्पा आहेत, बंधाऱ्याची दारं सांभाळणारे काका आहेत आणि मी. पूर्वी या मंडळींना एका खोलीत बसवलं असतं तर खुर्च्या मोडल्या असत्या. आता करार झालाय. मेच्या मध्यावर दहा दिवस आप्पांचे लोक पंप बंद ठेवणार, गिरणी आपलं धुण्याचं पाणी टाकीत अडवून धरणार आणि काका दारं हळूहळू उचलून नदी चढवणार, कारण पाणी चढल्याशिवाय मादी अंडी घालत नाही. एकाने माघार घेतली की दुसराही घेणार, असं स्पष्ट लिहून घेतलंय. आणि हे फक्त या एका मोसमापुरतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तळाशी अंडी दिसली नाहीत तर करार संपला. मग नगरपालिका दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती घालून वर फिरायचा रस्ता करणार. त्याचं चित्र कचेरीत लागलंसुद्धा आहे. चित्रात सगळे फुगे घेऊन चालताहेत.

आता मुद्द्याचं. झाडं आणि गोटे टाकायचे, पण कुठे? पूर्वी ते नेमके कुठे होते याचा नकाशा कोणाकडेच नाही. बाईंनी विचारलं, "हे कोणाला ठाऊक असेल?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

सोबत नकाशा जोडला आहे. त्यावर फुल्या मारून पाठव. तिकीट लावलेलं पाकीटही आत आहे, तुला काही करावं लागणार नाही.

बर्फाच्या कारखान्यात उभं राहून तुझे गुडघे धरतात असं कळलं. कोणाकडून ते विचारू नकोस.

समितीतर्फे,
ताई


१ मार्च

प्रिय घुम्या,

तीन आठवडे झाले. पाकिटावरचं तिकीट काढून तू दुसऱ्या कामाला वापरलंस की काय?

तुझ्या लेकीकडून कळलं की पत्र तू उभ्याउभ्या वाचलंस, घडी घातलीस आणि डब्याच्या पिशवीत ठेवलंस. ती मला फोन करते हे आता तुला कळलंच आहे, तर तिला रागावू नकोस. आत्याशी बोलायला कोणी बंदी घातलेली नव्हती.

इकडे आम्ही अंदाजाने सुरुवात केली. पहिलं झाड टाकलं ते डोहाच्या तोंडाशी. गिरणीने ट्रक दिला, आप्पांनी दोर आणि माणसं दिली, मॅनेजरांनी नवे बूट घालून पाहणी केली. झाड पाण्यात पडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि टाळ्या संपायच्या आत ते झाड उलटं होऊन खाली वाहत निघालं. ते पुलाच्या खांबाला अडकलं. तिथून ते काढायला क्रेन मागवावी लागली. तीच क्रेन, घुम्या, तोच चालक. तो मला म्हणाला, "बाई, आधी काढायचं, मग टाकायचं, मग परत काढायचं. एकदा काय ते ठरवा ना." हात दाखवून अवलक्षण.

मग गोट्यांचे तीन थर टाकले. आठ दिवसांत त्यांच्यावर गाळ बसला. बाईंनी हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, "इथे अंडी गुदमरतील. खालून पाणी खेळायला हवं."

सभेत दारवाले काका एकदम बोलले. त्यांचं तुला माहीत आहे, वर्षभराचं एकदाच बोलतात. म्हणाले, "हिच्या भावाला विचारा. त्याला सगळा तळ तोंडपाठ आहे. पण त्याला इथून घालवला कोणी, ते आधी विचारा."

मी सभेला सांगितलं की तू क्रेनसमोर पाण्यात उभा राहिलास, कामात अडथळा येत होता, म्हणून पोलिसांनी तुला बाजूला केलं आणि पुढे तू नोकरीसाठी बंदरावर गेलास. हे सगळं खरंच आहे. यातलं एक अक्षरही खोटं नाही.

फुल्या मारायला असा किती वेळ लागतो?

ताई


१२ मार्च

घुम्या,

नको पाठवूस.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. नऊ वर्षं झाली. मी काय तुझं घर पाडलं? नदी स्वच्छ केली. तीनशे माणसं आली होती हातात पिशव्या घेऊन. त्या नदीत गाद्या होत्या, टायर होते, मेलेली कुत्री होती, ते तूही पाहिलंस. ते कोणी काढायचं होतं? तू? तू तर नुसता काठावर बसायचास.

नदी काय माझी एकटीची आहे? बाबांची होती तशी तुझीही आहे. पिवळपर संपला तर माझं काही बिघडत नाही, मी मासे खातसुद्धा नाही.

ताई

ता. क. हे पत्र पेटीत टाकलं आणि घरी आल्यावर वाटलं की पेटी फोडून परत काढावं. आता हा कागद वेगळ्या पाकिटातून पाठवतेय. आधीचं वाचलं असशील तर विसर. वाचलं नसशील तर वाचू नकोस.


२४ मार्च

प्रिय घुम्या,

आज समिती वगैरे काही नाही. मी लिहितेय.

बाईंना जुनी फाइल हवी होती. नऊ वर्षांपूर्वीच्या मोहिमेची. कुठलं झाड कुठून काढलं याची नोंद असेल असं त्यांना वाटलं. तशी नोंद नव्हती. आम्ही काढलेल्या झाडांची नुसती वजनं लिहिली होती, टनांत. पण सभेचा वृत्तान्त होता. बाईंनी तो चाळला आणि विचारलं, "ताई, यात लिहिलंय की मच्छीमारांची संमती होती. मग त्यांनी हे होऊ कसं दिलं?"

ते वाक्य मला पाठ होतं. मीच लिहिलं होतं. "मच्छीमारांतर्फे उपस्थित असलेल्या एकास विचारणा केली असता त्यांनी हरकत नोंदवली नाही." तो एक म्हणजे तू. पाण्याच्या माठाशेजारच्या खुर्चीत बसला होतास. मी अध्यक्षांच्या शेजारून विचारलं होतं, "कोणाची हरकत?" आणि मनातल्या मनात तीन मोजले होते. तीन! मौनं संमतिलक्षणम् म्हणत अध्यक्ष हसले, आणि मी पुढचा विषय घेतला.

ते एवढ्यावर असतं तर मी अजूनही म्हटलं असतं की नियमाने झालं. पण आदल्या दिवशी संध्याकाळी तू स्वयंपाकघराच्या दारात उभा होतास. मी भांडी घासत होते. तू म्हणालास, "ताई, झाडं काढू नका. पिल्लं त्यात राहतात. आणि गोटे हलवू नका, खालून..." मी तुझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. म्हटलं, "हे मला घरात नको सांगूस. उद्या सभेत बोल, म्हणजे लिहून घेता येईल." तू पुन्हा म्हणालास, "खालून..." आणि मी नळ मोठा केला.

म्हणजे तुझी हरकत मला माहीत होती. तू ती मला सांगितली होतीस, आणि मी कागदावर लिहिलं की नव्हती. स्वयंपाकघरातलं बोलणं वृत्तान्तात घेत नाहीत, हे माझं त्या वेळचं समर्थन. बत्तीस वर्षं सरकारी कागद लिहिले की माणूस इतका मूर्ख होऊ शकतो.

आणि पोलीस. पोलिसांनी तुला आपणहून बाजूला केलं नाही. हवालदार माझ्याकडे आले होते. "बाई, तुमचा भाऊ आहे ना तो? समजावता का?" असं त्यांनी विचारलं. तीनशे माणसं बघत होती, फोटोवाला आला होता. मी म्हटलं, "कामाच्या जागी मला भाऊ नाही. घ्या त्यांना बाहेर." तू ऐकलंस ते. मला माहीत आहे तू ऐकलंस, कारण तू लगेच स्वतःच बाहेर आलास, त्यांना हात लावायची वेळच आली नाही.

का वागले तशी, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही. दप्तराला वास येतो म्हणायच्या. मी घरून निघताना हात साबणाने तीनदा धुवायचे आणि तरी वर्गात शिरले की खिडकी उघडली जायची. तुला कधी काही वाटलं नाही. तू बाबांबरोबर पहाटे पाण्यात उतरायचास आणि तसाच शाळेत यायचास. मला तुझी लाज वाटायची, घुम्या. आणि त्या नदीची. ती एकदा लख्ख, सरळ, झाडून पुसून ठेवल्यासारखी दिसावी, एवढंच मला हवं होतं. तशी ती दिसली. मला त्याबद्दल ढालही मिळाली.

गेल्या आठवड्यात हे सगळं मी सभेत वाचून दाखवलं. शाळेचं सोडून. मॅनेजर बूट न्याहाळत होते. आप्पा म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं." मी म्हटलं, "आप्पा, नाही मिळालं, म्हणून तर आपण इथे बसलोय." मी सचिवपदाचा राजीनामा पुढे केला. काकांनी तो घडी करून माझ्या पिशवीत परत टाकला. म्हणाले, "राजीनामा देऊन सुटायला बघू नका. गोटे धुवायला माणसं कमी आहेत."

तेव्हापासून रोज सकाळी मी गोटे धुतेय. गाळ बसलेले काढायचे, घासायचे, रचून ठेवायचे. कुठे टाकायचे ते अजून कोणालाच माहीत नाही.

मला तुझी माफी मागायची आहे. मागते. फुल्या पाठवल्यास किंवा नाही पाठवल्यास तरी.

ताई


१९ एप्रिल

प्रिय घुम्या,

तू येऊन गेलास.

तीन दिवस दारवाल्या काकांच्या खोलीवर राहिलास. माझ्या घरापासून आठशे पावलं. मी आज मोजली. त्याच तीन दिवसांत बाईंनी मला सांगितलं होतं की जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन परवानगीची प्रत आणा, आणि प्रत आणली तर म्हणाल्या, आता शिक्का आणा, आणि शिक्का आणला तर म्हणाल्या, दुसऱ्या खिडकीचा आणा. मला संशय यायला हवा होता. बत्तीस वर्षं मी लोकांना असंच फिरवलंय. तू गेल्यावर त्यांनी सांगितलं की तुझी तशी अट होती.

मला आधी राग आला. खोटं कशाला सांगू? जेवले नाही. मग संध्याकाळी बाई आल्या आणि त्यांनी नकाशा पसरला. सतरा फुल्या. त्या म्हणाल्या की तू चपला काढून सगळा पट्टा चाललास, डोहापासून बंधाऱ्यापर्यंत, दोनदा. पायाला गार लागेल तिथे थांबायचास आणि काठी रोवायचास. तिथे तळातून झऱ्याचं पाणी वर येतं, त्याने गोट्यांखाली गाळ धरत नाही, अंडी श्वास घेतात. बाई त्यांचं यंत्र लावून बघत होत्या. सतरापैकी सतरा जागी तळाचं पाणी वरच्यापेक्षा थंड भरलं. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास.

"खालून..." म्हणजे हे होतं तर. खालून गार पाणी येतं. एवढं ऐकायला मला नऊ वर्षं लागली, आणि तेही तिसऱ्याच माणसाकडून.

पण मला लागलं ते वेगळंच. जाताजाता बाई हसत म्हणाल्या, "तुमचे भाऊ किती बोलतात हो! आमचे कान किटले. झाडाचं बूड प्रवाहाकडे का ठेवायचं, मुळ्या कुठे अडकवायच्या, पिल्लू किती दिवसांनी कुठे जातं... काकांशी तर बोलणं संपतच नव्हतं. आणि नकला करतात! मॅनेजरांची बुटांची चाल करून दाखवली, मी पोट धरून हसले."

मी म्हटलं, "माझा भाऊ? घुम्या?"

त्या म्हणाल्या, "घुम्या कोण?"

त्या गेल्यावर दार लावायचंही सुचलं नाही. हे नाव तुला मी ठेवलं होतं, तू सहा वर्षांचा असताना. घरात इतर कोणी तुला त्या नावाने हाक मारायचं नाही. बाबा नाही, आई नाही. मग तू घुम्या होतास तो कोणासमोर? मला सगळं आठवून बघताना तुझं एकही पुरं वाक्य आठवेना. सगळी वाक्यं अर्धी, आणि पुढे माझा आवाज.

झाडं तू सांगितलीस तशी लागली. या खेपेला एकही वाहून गेलं नाही. क्रेनचालक म्हणाला, "आता कसं!"

हे पत्र कोणत्या नावाने संपवू कळत नाही.

ताई


२ जून

प्रिय भावा,

तुला बाईंनी फोनवर सांगितलंच असेल, पण मला सांगायचं आहे, आणि जेवढं झालं तेवढंच सांगते.

चौदा मेला काकांनी पहिलं दार वीतभर उचललं. रोज थोडंथोडं. आप्पांच्या लोकांपैकी दोघांनी चौथ्या दिवशी पंप चालू केले, वेली सुकत होत्या म्हणून. आप्पा स्वतः गेले आणि स्वतःच्या विहिरीचं पाणी त्यांच्याकडे वळवलं, तेव्हा ते बंद झाले. गिरणीची टाकी नवव्या दिवशी काठोकाठ भरली. मालकांचा फोन आला, सोडून द्या म्हणून. मॅनेजरांनी कारखान्याची एक पाळी बंद ठेवली, पण पाणी सोडलं नाही. बूटवाले म्हणून त्यांना हसलो, पण त्या दिवशी त्यांनी नोकरी पणाला लावली होती.

माद्या वर आल्या. मी पाहिल्या. बाईंनी कोणालाही पाण्यात उतरायला मनाई केली होती, म्हणून आम्ही काठावर ओळीने बसलो होतो. पाठीवरून सोनेरी दिसतात, परांना पिवळी कड असते, आणि इतक्या मोठ्या! मी या नदीकाठी जन्मले आणि मला हे माहीत नव्हतं.

काल बाई एकट्याच उतरल्या. अकराव्या फुलीपाशी एक गोटा उचलला आणि हाताने खूण केली. मग बारावी, मग चौदावी. सतरापैकी नऊ ठिकाणी अंडी आहेत. मोहरीएवढी, पिवळी, गोट्यांच्या फटीत चिकटलेली. बाईंनी एक गोटा काठापर्यंत ओंजळीत पाणी धरून आणला, आम्हाला दाखवला आणि होता तिथे ठेवून आल्या. आप्पांनी डोळे पुसले आणि म्हणाले डोळ्यांत कचरा गेला. करार पुढच्या वर्षीही चालू राहील यावर पाचही जणांनी तिथेच, मांडीवर कागद ठेवून, सह्या केल्या. कचेरीतलं फुग्यांचं चित्र मी स्वतः उतरवलं.

वृत्तान्त मीच लिहिला. त्यात लिहिलंय की जागा माझ्या भावाने दाखवल्या. पहिल्यांदा 'एका मच्छीमाराने' असं लिहिलं होतं, ते खोडलं. खाडाखोड तशीच ठेवली आहे. बत्तीस वर्षांत असा कागद मी कोणाकडून घेतला नसता.

आता एक विचारायचं आहे. तू इथे यावंस असं मी म्हणत नाही. अंडी फुटून पिल्लं झाडांच्या मुळ्यांत शिरायला अजून काही दिवस आहेत, ती तुला बघायची असतील तर काकांकडे ये, माझी आडकाठी नाही, मी शिक्के आणायला जाईन. माझं विचारणं वेगळं आहे. मी तुझ्याकडे येऊ का? बंदरावर, एक दिवस, तू म्हणशील त्या वारी. तुझं काम बघेन, तुझ्या लेकीच्या हातचा चहा घेईन. तुला बोलायचं असेल ते सगळं ऐकेन, आणि तू थांबलास तर मीही थांबेन, मनातल्या मनात आकडे न मोजता.

ये म्हणालास तर येईन. नको म्हणालास तर येणार नाही, आणि लेकीमार्फत गळ घालणार नाही.

आणि काहीच कळवलं नाहीस, तर तू काही कळवलेलं नाहीस, एवढंच मी समजेन.

ताई